टपालाने गेलेली मुलगी आणि पार्सलच्या अटी

१९ फेब्रुवारी १९१४. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं ग्रँजव्हिल नावाचं गाव. शार्लट मे पिअरस्टॉर्फ नावाची एक चिमुरडी आजीकडे, लुइस्टनला, निघाली होती. सहावा वाढदिवस अजून यायचा होता. अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. रेल्वेचं तिकीट महाग पडत होतं. मग घरच्यांनी काय केलं असेल? त्यांनी तिच्या कोटावर ५३ सेंटची टपाल तिकिटं लावली आणि तिला चक्क पार्सल म्हणून पाठवलं!

खोटं वाटतं ना? पण हे खरोखर घडलेलं आहे. मे रेल्वेच्या टपालडब्यात बसून गेली, आणि लुइस्टनला पोचल्यावर टपालखात्याच्याच कर्मचाऱ्याने तिला आजीच्या दारात नेऊन सोडलं. घाबरू नका, तिला पोत्यात वगैरे घातलं नव्हतं. टपालडब्यात काम करणारा तिच्या आईचा नातेवाईकच तिच्या सोबत होता.

आता गंमत ऐका. अमेरिकेत पार्सल पोस्ट १ जानेवारी १९१३ला सुरू झालं. सुरुवातीला एका पार्सलचं वजन ११ पौंडांपेक्षा जास्त चालत नसे. त्याच महिन्यात ओहायो राज्यातल्या एका जोडप्याने आपलं तान्हं बाळ पोस्टमनच्या हाती देऊन मैलभरावर राहणाऱ्या आजीकडे धाडलं. बाळाचं वजन किती? पावणेअकरा पौंड! १५ सेंटची तिकिटं, आणि वर ५० डॉलरचा विमा. पुढे वजनाची मर्यादा वाढून ५० पौंड झाली. मेचं वजन होतं साडेअठ्ठेचाळीस पौंड. म्हणजे दोन्ही वेळा पालकांनी नियम अगदी बारकाईने वाचलेले होते. वजन बसत होतं, आणि 'माणूस पाठवू नये' असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. लिहायची गरज पडेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसणार.

मग ते लिहावं लागलं. टपालखात्याने माणसं पाठवायला मनाई केली, आणि तरीही कोणीतरी विचारलंच म्हणून १९२० साली पुन्हा खुलासा केला, की निरुपद्रवी जिवंत प्राणी टपालाने चालतात, पण लहान मुलांची गणना त्यांत होत नाही. (तुमच्या घरच्यांना हे पटेल की नाही, सांगता येत नाही!)

त्याहून वरताण म्हणजे विटांची गोष्ट. १९१६ साली यूटा राज्यातल्या व्हर्नल गावात कोल्थार्प नावाच्या व्यापाऱ्याला एक इमारत बांधायची होती. चांगल्या विटा मिळत सॉल्ट लेक सिटीला. मालवाहतुकीचा खर्च विटांच्या किमतीहून जास्त. या पठ्ठ्याने हिशेब मांडला. पार्सलचा दर ठरायचा दोन गावांमधल्या सरळ अंतरावरून, आणि ते अंतर होतं थोडंच. टपाल मात्र डोंगर टाळून रेल्वेने, मग छोट्या रेल्वेने, मग घोडागाडीने चारशे मैलांचा वळसा घेऊन जायचं. तो जादा खर्च कोणाच्या डोक्यावर? अर्थातच टपालखात्याच्या! कोल्थार्पने विटा पन्नास-पन्नास पौंडांच्या खोक्यांत भरल्या आणि टनावारी पोस्टात टाकायला सुरुवात केली. वाटेतली पोस्ट ऑफिसं विटांनी भरून गेली. शेवटी खात्याला नवा नियम काढावा लागला: एका माणसाने दुसऱ्या एका माणसाला दिवसाला २०० पौंडांपेक्षा जास्त पार्सलं पाठवायची नाहीत. तोपर्यंत इमारत मात्र उभी राहिली होती. तिच्यात बँक आली आणि लोक तिला 'पार्सल पोस्टाची बँक' म्हणू लागले.

हे सगळं आज कशासाठी सांगतोय? तर ऑनलाइन दुकानातून बूट किंवा पुस्तक मागवताना खाली बारीक अक्षरांत एक पान असतं. 'शिपिंग आणि डिलिव्हरीच्या अटी.' ते कोणी वाचत नाही. आपण 'मान्य आहे'वर टिचकी मारतो आणि पुढे जातो. दिसायला ते पान रुक्ष असतं, पण त्यातल्या ओळींमागे बहुतेक वेळा अशीच कोणाची तरी फजिती, खोडी नाहीतर भांडण दडलेलं असतं. आज त्यातल्या थोड्या ओळी वाचू या.

आधी विश्वास कोणी ठेवायचा?

सगळ्यात जुनं भांडण हे. दुकानदार म्हणतो, आधी पैसे द्या. गिऱ्हाईक म्हणतं, आधी वस्तू दाखवा. समोरासमोर असलं तर एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने घ्यायचं. पण दुकान मुंबईला आणि गिऱ्हाईक चंद्रपूरला, असं असलं की पंचाईत!

शिकागोच्या एरन माँटगोमेरी वॉर्डने १८७२ साली नुसती वस्तूंची छापील यादी पाठवून शेतकऱ्यांना टपालाने माल विकायला सुरुवात केली. लोक बिचकत होते. न पाहिलेल्या दुकानदाराला पैसे कसे पाठवायचे? तेव्हा त्याने वचन दिलं, माल पसंत पडला नाही तर पैसे परत. आज आपण 'रिटर्न' म्हणतो, ते हेच.

आपल्याकडच्या टपालखात्याने १८७७ साली यावर वेगळा तोडगा काढला. त्याचं नाव 'व्हॅल्यू पेएबल पोस्ट', म्हणजेच व्ही.पी. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांनी पुस्तकं व्ही.पी.ने मागवलेली असतील. दुकानदाराला नुसतं एक कार्ड टाकायचं. तो पुडकं पोस्टात द्यायचा. पोस्टमन ते घेऊन दारात यायचा, पैसे घ्यायचा, पुडकं द्यायचा, आणि ते पैसे पोस्ट दुकानदाराकडे पोचतं करायचं. दोघांचा एकमेकांवर भरवसा नसला तरी पोस्टावर दोघांचाही होता! तरी एक मेख होतीच. पैसे भरल्याशिवाय पुडकं उघडता येत नसे. आत पुस्तकाऐवजी रद्दी निघाली, की कपाळाला हात. उलटही व्हायचं. हौसेने मागवायचं, आणि पोस्टमन आला की 'नको' म्हणायचं. दुकानदाराचं टपालहशील बुडालं!

२००७ साली बंगळुरूला सुरू झालेल्या फ्लिपकार्टने २०१० साली 'कॅश ऑन डिलिव्हरी' आणली, तेव्हा ती मोठी नवलाईची गोष्ट वाटली. पण नीट पाहिलं तर ती व्ही.पी.चीच नात की! तिच्यातली मेखही तीच. पार्सल दारातून परत गेलं तर जाण्यायेण्याचा खर्च विक्रेत्याला बसतो. म्हणूनच काही ठिकाणी 'दारात पैसे' या सोयीचे वेगळे पैसे लावतात, नाहीतर महाग वस्तूला ती सोयच देत नाहीत. परत जाणाऱ्या अशा पार्सलाला कुरियरवाले 'आर.टी.ओ.' म्हणतात. गाडीच्या लायसन्सशी त्याचा संबंध नाही बरं का! 'रिटर्न टू ओरिजिन', म्हणजे आलं तिथे परत.

वाटेत फुटलं तर?

हा प्रश्न फार जुना आणि फार मोलाचा. समजा चिनीमातीचा सेट जहाजाने निघाला आणि वाटेत फुटला. नुकसान कोणाचं? विकणाऱ्याचं की घेणाऱ्याचं?

जहाजाच्या व्यापारात यासाठी 'फ्री ऑन बोर्ड' नावाची अट आहे. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ साली अशा अटींचा पहिला संच छापला. त्यात सीमारेषा कोणती असावी? जहाजाचा कठडा! माल क्रेनने उचलला, कठड्याच्या अलीकडे पडून फुटला तर नुकसान विकणाऱ्याचं. कठडा ओलांडून पडला तर घेणाऱ्याचं. आणि खोकं बरोबर कठड्यावरच आपटलं तर? यावर वकिलांनी किती शाई खर्च केली असेल, कल्पना करा. अखेर २०१०च्या नव्या संचात कठडा काढून टाकला, आणि माल जहाजावर ठेवला गेला की जबाबदारी बदलते असं ठरलं. तो संच २०११च्या सुरुवातीपासून लागू झाला.

कठड्यापलीकडेही संकटं असतातच. जानेवारी १९९२मध्ये हाँगकाँगहून अमेरिकेकडे निघालेल्या जहाजावरचे काही कंटेनर प्रशांत महासागरातल्या वादळात पाण्यात पडले. त्यातला एक फुटला, आणि आतून निघाली आंघोळीच्या वेळची प्लॅस्टिकची खेळणी, सुमारे २९ हजार! पिवळी बदकं, निळी कासवं, हिरवे बेडूक, लाल बीव्हर. त्या वर्षअखेर ती अलास्काच्या किनाऱ्याला लागू लागली. कर्टिस एबसमायर या समुद्रशास्त्रज्ञाने ती कुठेकुठे सापडतात याची नोंद ठेवून समुद्रप्रवाहांचा अभ्यास केला. शास्त्राचा फायदा झाला. पण ज्या मुलांसाठी ती बदकं निघाली होती त्यांच्या टबात काही ती पोचली नाहीत.

मग आपल्या घरच्या पार्सलचा 'कठडा' कुठे? भारतात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सालचा आहे, आणि त्याखाली २०२० साली ई-कॉमर्ससाठी खास नियम आले. त्यांनुसार माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. सांगितलेल्या तारखेनंतर उशिरा आला तरीसुद्धा! फक्त उशीर पूर, भूकंप अशा हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर ते वेगळं. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी तुम्ही पाहिली असेलच. ऑनलाइन दुकानाने तशी पाटी अटींमध्ये लिहिली, तरी फुटक्या मालाच्या बाबतीत ती चालायची नाही. मात्र 'रंग आवडला नाही', 'बूट घट्ट होतो' ही गोष्ट निराळी. तिथे दुकानाने स्वतःहून किती दिवस दिलेत ते अटींमध्ये बघावं लागतं. पुष्कळजण इथेच फसतात.

हलकं अस्वल, जड भाडं

आता थोडं गणित. तुम्ही मामेबहिणीला एक मोठं टेडी अस्वल पाठवायचं ठरवलं. वजन दोन किलो. खोकं ५० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ४० उंच. कुरियरवाला पट्टी लावतो आणि म्हणतो, सोळा किलोचे पैसे द्या. लबाडी? मुळीच नाही. विमानात आणि गाडीत वजन संपण्याआधी जागा संपते. ती जागा अस्वलाने अडवली, तर तिथे दुसरं काय ठेवणार? म्हणून बऱ्याच कुरियर कंपन्या लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून त्याला ५०००ने भागतात. ५० × ४० × ४० म्हणजे ८०,०००. भागिले ५०००, उत्तर १६. खरं वजन आणि हे 'जागेचं वजन', यांत जे मोठं त्याचे पैसे. आता पुढच्या वेळी इवलीशी वस्तू भल्यामोठ्या खोक्यात आली, तर कोणाचे पैसे वाया गेले ते तुम्हीच सांगा.

मग 'मोफत डिलिव्हरी' कशी परवडते? मोफत काही नसतं हो. गाडीला डिझेल लागतं, माणसाला पगार लागतो. तो खर्च वस्तूच्या किमतीत असतो, नाहीतर दुकान सोसतं, नाहीतर '५०० रुपयांवर मोफत' अशी पाटी लावून आपल्याकडून थोडी जास्त खरेदी करून घेतं. समजा पुस्तक ४४० रुपयांचं आणि डिलिव्हरी ४०ची. एकूण ४८०. तुम्ही चाळीस वाचवायला ९० रुपयांचं पेन घेतलंत, तर झाले ५३०. पेन हवंच होतं तर छान. नको होतं तर? २०२०च्या नियमांत हेही आहे, की विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची आणि डिलिव्हरीचा खर्च, कर वगैरे फोड करून सांगायची. ती फोड पैसे भरण्याआधी बघायला हवी. आईबाबांनीसुद्धा!

काही वस्तू मात्र कितीही पैसे दिले तरी लवकर येत नाहीत. पॉवर बँकेतल्या लिथियमच्या बॅटरीला दणका बसला तर ती पेट घेऊ शकते. अत्तरात स्पिरिट असतं. अशा वस्तूंना विमानात कडक नियम असतात, म्हणून त्या पुष्कळदा जमिनीवरून, सावकाश येतात.

सहा आकडे

'तुमचा पिनकोड टाका.' हे विचारल्याशिवाय कुठलंच ऑनलाइन दुकान तारीख सांगत नाही. का? कारण नाव सांगून भागत नाही. पिंपळगाव म्हटलं तर कुठलं? नाशिक जिल्ह्यातलं पिंपळगाव बसवंत की जळगावचं पिंपळगाव हरेश्वर? वडगाव म्हटलं तर वडगाव मावळ की वडगाव शेरी? त्यात आपल्या देशात लिप्या अनेक, भाषा अनेक, आणि हस्ताक्षरं तर विचारूच नका!

यावर उपाय काढला तो एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतचे कवीसुद्धा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांची पिनकोड पद्धत सुरू झाली. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. पहिले दोन मिळून टपालखात्याचं सर्कल. ४० ते ४४ म्हणजे महाराष्ट्र, आणि त्यातच ४०३ गोव्याचं. पहिल्या तिन्हींवरून छाटणीचा जिल्हा कळतो: ४०० मुंबई, ४११ पुणे, ४२२ नाशिक, ४४० नागपूर. शेवटचे तीन आकडे पोचवणाऱ्या पोस्ट ऑफिसचे. ९ने सुरू होणारे पिनकोड सैन्याच्या टपालासाठी राखलेले आहेत. त्यामुळे सीमेवरच्या जवानाला राखी पाठवायला तो नेमका कुठे आहे हे लिहावं लागत नाही.

पिनकोड पोस्ट ऑफिसपर्यंत नेतो. पुढे मात्र 'मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी'च कामाला येतं. डिलिव्हरीवाल्या दादाला असे कितीतरी पत्ते एका दिवसात शोधायचे असतात, उन्हात नाहीतर पावसात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असताना. पत्त्यात एक चांगली खूण लिहिली तर त्याची दहा मिनिटं वाचतात. टपालखात्याने २०२५ साली 'डिजिपिन' नावाची नवी पद्धत आणली आहे. तिच्यात देशाचे साधारण चार मीटर लांब-रुंद असे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा संकेत दिला आहे. म्हणजे पिठाच्या गिरणीलासुद्धा स्वतःचा संकेत मिळाला!

आता तारखेबद्दल. '३ ते ५ कामाचे दिवस' असं लिहिलेलं असतं आणि आपण शुक्रवारपासून बोटं मोजू लागतो. पण पुष्कळ ठिकाणी रविवार आणि सुट्ट्या कामाच्या दिवसांत धरत नाहीत. शिवाय मोजणी ऑर्डर दिल्यापासून की माल गोदामातून निघाल्यापासून? दोन्हींत दोन-तीन दिवसांचा फरक पडतो. ताईच्या वाढदिवसाची भेट मागवताना ही ओळ वाचलेली बरी.

दार वाजलं!

पार्सल आलं. खोकं चेपलेलं किंवा आधीच उघडल्यासारखं दिसतंय? घेण्याआधीच तसं सांगा आणि फोटो काढा. महाग वस्तूचं खोकं उघडताना व्हिडिओ घेतलेला चांगला, आणि त्यात खोक्यावरची चिठ्ठीही दिसू द्या. काही दुकानं तक्रारीच्या वेळी तो मागतात. ओटीपी मागितला तर तो पार्सल हातात आल्यावर, दारात उभ्या असलेल्या माणसालाच सांगायचा. फोनवर 'तुमचं पार्सल आलंय, जरा नंबर सांगा' म्हणणाऱ्याला नाही. 'तुमचा पत्ता अपुरा आहे, या लिंकवर पाच रुपये भरा' असे पोस्टाच्या नावाने येणारे खोटे निरोपही फिरत असतात. त्या लिंकला हात लावायचा नाही.

आणि न मागवलेलं पार्सल 'पैसे द्यायचेत' म्हणून आलं तर? घरी आजीआजोबा एकटे असताना असं होऊ शकतं. 'कोणी मागवलंय ते विचारून सांगतो' एवढं म्हणून दार लावलं तरी चालतं. त्यात उद्धटपणा काही नाही.

मुलांनो, एक गोष्ट तुमच्यापुरती. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्यांना करार करता येत नाही. ऑर्डर देणं हा करारच असतो. म्हणून बूट तुमचे असले तरी ऑर्डर आईच्या किंवा बाबांच्या नावाने हवी. पण अटी मोठ्याने वाचून दाखवायला वय लागत नाही.

गडबड झालीच तर आधी दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असा नियम आहे. त्याचं नाव आणि संपर्क दुकानाच्या पानावर असलाच पाहिजे. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. फोन लावताना ऑर्डरचा क्रमांक, बिल आणि खोक्याचे फोटो जवळ ठेवा. तक्रार नोंदली की एक क्रमांक मिळतो, तो वहीत टिपून ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक फोनला आधी तोच विचारतात.